थंडीनंतर बाहेरचा नळ पहिल्यांदा उघडताना एक माणूस बेसमेंटमध्ये उभा करा

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून, रविवारी रात्री

नमस्कार मंडळी,

आज शेजाऱ्यांना ड्राइव्हवेवर गाडी धुताना पाहिलं आणि लगेच लिहायला बसले. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या बेसमेंटमध्ये पाणी झालं, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. का झालं, ते मात्र मी कधी नीट सांगितलं नव्हतं.

मंडळाच्या गणपतीचं मखर, नाटकाचे पडदे आणि लेझमांची खोकी आमच्याकडे खाली ठेवलेली होती. एप्रिलमधल्या एका शनिवारी मुलाने मागच्या अंगणातला नळ सोडला, अर्धा तास झाडांना पाणी घातलं आणि नळ बंद केला. बाहेर सगळं ठीक दिसत होतं. रात्री कपडे वाळवायला खाली गेले, तर गालिचा पायाखाली पचपचत होता. छतातून धार थेट खोक्यांवर पडली होती आणि पडद्यांचा लाल रंग मखरावर उतरला होता. ते मखर सात-आठ जणांनी रात्री जागून केलेलं होतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

दोष आमच्या होजचा, म्हणजे नळाला लावायच्या बागेच्या लांब रबरी पाइपाचा होता. शिकागोकडच्या घरांना बाहेर बहुतेक फ्रॉस्ट-फ्री नळ असतात. चक्री बाहेर दिसते, पण पाणी अडवणारा वॉशर भिंतीच्या आत आठ ते बारा इंचांवर, घराच्या उबेत असतो. नळ बंद केला की पुढच्या नळीतलं उरलेलं पाणी बाहेर निथळतं आणि गोठायला काही राहत नाही. होज लावलेला असला की ते निथळतच नाही. आमचा होज ऑक्टोबरपासून तसाच होता. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यात नळी आतल्या आत चिरली. थंडीभर एक थेंब गळला नाही, कारण चीर वॉशरच्या पुढे होती. नळ उघडल्यावरच पाणी तिथवर पोहोचलं.

म्हणून यंदा नळ पहिल्यांदा उघडाल तेव्हा एकाने बाहेर चक्री फिरवायची आणि दुसऱ्याने बेसमेंटमध्ये त्या भिंतीपाशी टॉर्च घेऊन उभं राहायचं. धार सुरू झाली की तोंडाला अंगठा दाबून बघा. अंगठ्याने ती सहज थांबत असेल, तर आत काहीतरी फुटलेलं असण्याची शक्यता आहे. ताबडतोब बंद करा आणि प्लंबरला बोलवा.

---

प्लेनफिल्डहून, सोमवारी सकाळी

ताई, मेल वाचून आधी खाली धावत गेलो. आमचं हे पहिलंच घर, गेल्या सप्टेंबरात घेतलं. त्याआधी सहा वर्षं अपार्टमेंटमध्ये होतो, तिथे नळ बिघडला तर ऑफिसात फोन करायचा एवढंच माहीत. आमचा होजही थंडीभर लावलेलाच राहिला. आत्ता काढला, पण नळ उघडायचं धाडस होत नाहीये.

दुसरं, बेसमेंटच्या कोपऱ्यात झाकण असलेला खड्डा आहे. आत पंप दिसतो. घर घेतल्यापासून तो चालल्याचा आवाज एकदाही आलेला नाही. हे चांगलं की वाईट?

---

ऑरोराहून, सोमवारी दुपारी

ताईंनी फार मोलाचं लिहिलं आहे. मी पस्तीस वर्षं पंपांच्या कामात काढली, म्हणून त्यात थोडी भर घालतो.

अंगठ्याची परीक्षा चांगली, पण तिच्यावर थांबू नका. नळ मोकळा वाहत असताना पाण्याला पुढे वाट असते, बारीक चिरेतून ते कदाचित झिरपणारही नाही. त्याच नळाला होज लावा, टोकाला बंद होणारं नोझल लावा आणि नोझल बंद ठेवून नळ पूर्ण उघडा. आता नळीत पूर्ण दाब आला. पाच मिनिटं तसंच ठेवा आणि खालच्या माणसाला भिंतीवरून हात फिरवायला सांगा. गळायचं असेल तर आता गळेल. नंतर नळ बंद करून होज काढायला विसरू नका.

आता प्लेनफिल्डच्या खड्ड्याबद्दल. त्याला संप म्हणतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत संप म्हणजे पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी, त्यामुळे नवीन माणसाचा घोटाळा होतो. इथला संप घराच्या पायाभोवतीचं पाणी गोळा करतो आणि पंप ते बाहेर फेकतो. आपल्या भागातली माती चिकण आहे, पाणी लवकर मुरत नाही. वितळलेला बर्फ आणि वसंतातला पाऊस एकदम आला की सगळा भार त्या एका पंपावर येतो. तो कोरड्या दिवसांत गप्प असेल तर चिंता नाही. पण जोरदार पावसातही गप्प असेल, तर एकतर खड्ड्यात पाणी येत नाही किंवा पंप बंद पडला आहे. यातलं कोणतं खरं, हे वादळाच्या रात्री कळू नये.

पाच गॅलनची बादली, म्हणजे साधारण १९ लिटर, भरून हळूहळू खड्ड्यात ओता. पाणी पुरतं चढेपर्यंत ओतत राहा. फ्लोट, म्हणजे पंप सुरू करणारा तरंगता स्विच, वर यायला हवा, पंप सुरू व्हायला हवा, पाणी उपसून तो आपोआप थांबायला हवा. थांबल्यावर खड्ड्यात बघत राहा. पाइपातलं पाणी भसकन परत आलं, तर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, गेला आहे. तेच पाणी पुन्हापुन्हा उपसून पंप झिजतो. पुष्कळदा पंप चांगला असतो आणि फ्लोट वायरीत किंवा भिंतीला अडकलेला असतो. खड्ड्यात हात घालण्याआधी प्लग काढा, हे कळकळीने सांगतो.

त्यानंतर बाहेर जाऊन पाणी कुठे पडतं ते पाहा. बाहेरच्या पाइपाचं तोंड पानांनी बुजलेलं असतं, कधी त्यात उंदराचं घरटं असतं. पाणी भिंतीलगत पडत असेल, तर तेच पुन्हा पायात मुरतं आणि पंप तेच पाणी फिरवत बसतो.

बॅटरीवर चालणारा बॅकअप पंप असेल तर मुख्य पंपाचा प्लग काढून बॅकअप चालवून बघा. शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत दम सोडते. वादळात वीज जाते आणि पाणीही त्याच वेळी येतं, म्हणून मी बॅकअपला चैन समजत नाही. विम्याचा कागदही काढून वाचा. संपचं किंवा गटाराचं उलटं आलेलं पाणी साध्या घरविम्यात बहुधा धरलेलं नसतं, त्यासाठी पॉलिसीला वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं.

लॉनचे स्प्रिंकलर असतील तर पाणी सोडायची घाई नको, मेच्या सुरुवातीपर्यंत रात्री दहिवर गोठू शकतं. सोडताना कॉक हळू उघडा, रिकाम्या पाइपात एकदम पाणी आदळलं की सांधे उखडतात. बॅकफ्लो प्रिव्हेंटरची, म्हणजे स्प्रिंकलरचं पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं येऊ न देणाऱ्या झडपेची, दर वर्षीची तपासणी इलिनॉयमध्ये बंधनकारक आहे आणि ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते.

---

शॉमबर्गहून, सोमवारी रात्री

काकांच्या मेलनंतर माझं छोटंसंच. मेमध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात आणि दिवसभर घरात एकटे असतात. त्यांना मेन कॉक कुठे आहे ते दाखवा, स्वतः बंद-चालू करायला लावा. माझ्या बाबांनी गेल्या उन्हाळ्यात वॉशिंग मशीनचा रबरी पाइप फुटल्यावर दोन मिनिटांत कॉक बंद केला, कारण ‘पाणी इथे बंद होतं’ असं मोठ्या अक्षरांत लिहून मी तिथे चिकटवलं होतं. आधी तुम्ही फिरवून बघा. गोल चक्रीचे जुने कॉक वर्षानुवर्षं न हलवल्याने जाम होतात. घट्ट असेल तर जोर लावू नका, बदलून घ्या.

रबरी पाइप पाच वर्षांचे झाले असतील तर स्टीलच्या जाळीचे बसवा.

जूनमध्ये भारतात जाणाऱ्यांनी मेन कॉक बंद करून जावं, गिझरचं बटण ‘व्हेकेशन’वर ठेवावं. पण निघताना सगळे प्लग काढायच्या नादात संपचा प्लग काढू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी तेच झालं होतं.

---

नेपरव्हिलहून, सोमवारी रात्री उशिरा

काका, नोझल बंद करून बघायचं मला माहीत नव्हतं. नवीन नळ बसवल्यावर आम्हीही अंगठ्यावरच समाधान मानलं होतं. उद्या परत तपासते.

प्लेनफिल्ड, तुम्ही नळ एकट्याने उघडू नका. शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोघं येतो. यांना बाहेर उभं करू, तुम्ही आणि मी खाली. त्या भिंतीला लागून जे काही ठेवलं असेल ते शुक्रवारी रात्रीच बाजूला करून ठेवा. नोझल आणि मोठा टॉर्च मी आणते, बादली तुमची.