मदत हवी आहे: पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या पुलरचं फिफ्थ व्हील कसं जपावं?

जालन्याचा_पुलर
नमस्कार मंडळी. सळईचा लोड पावसाळ्यात कमी होतो, म्हणून एक पुलर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) जून ते सप्टेंबर उभा राहणार आहे. जागा औद्योगिक वसाहतीजवळ, उघडी, काळ्या मातीची. शेड नाही. ट्रेलर सोडून बाजूला लावलेला असेल. फिफ्थ व्हील, म्हणजे पुलरवरची ट्रेलर टेकवून जोडायची प्लेट, 2 इंची किंगपिनचं (ट्रेलरखालची जोडणारी पिन), साधी ओतीव प्लेट, वर प्लास्टिकचे लायनर नाहीत. प्लेटवर जुन्या काळ्या ग्रीसचा जाड थर आहे.

हा थर तसाच ठेवून वरून ताडपत्री बांधली तर चालेल का? कुणी म्हणतं जळकं ऑइल ओता, कुणी म्हणतं बारदान टाका. आणि जॉ (किंगपिन पकडणारा जबडा) उघडा ठेवायचा की मिटलेला?

ग्रीसगन_परळी
थर ठेवू नका, दादा. पाण्यापेक्षा त्यातली घाण जास्त खाते. सळईच्या गाडीला लोखंडाची पापडी, आमच्याकडं औष्णिक केंद्राची राख, आणि रस्त्याची धूळ तर सगळीकडंच. हे ग्रीसमध्ये मुरलं की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतं. शिवाय त्या थराखाली ओल धरली तर गंज वरून दिसतच नाही.

पुट्टीच्या पात्यानं थर खरवडा. प्लेटवरच्या ग्रीसच्या खाचा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मोकळ्या करा, सगळ्यात जास्त कचरा तिथंच दाबून बसलेला असतो. मग डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी प्लेट पुसा आणि जॉच्या आत लांब दांड्याच्या ब्रशनं घासा. शेवटी कोरड्या कापडानं डिझेल पूर्ण टिपून घ्या, नाहीतर नवं ग्रीस पातळ होऊन ओघळतं. खरवडलेलं ग्रीस आणि चिंध्या डब्यात भरा, मातीत टाकू नका.

प्रेशर वॉशर शक्यतो नको. त्या जोरानं वाळू आणि पाणी पिव्होटच्या पिनमध्ये आणि लॉकच्या सांध्यात शिरतं. मारलंच तर दिवसभर कडक उन्हात वाळू द्या आणि सगळे निपल (ग्रीस भरायची तोंडं) पुन्हा भरा, आतलं पाणी नव्या ग्रीससोबत बाहेर येईस्तोवर.

जालन्याचा_पुलर
आणि नवं ग्रीस किती, कोणतं?

ग्रीसगन_परळी
लिथियमचं ईपी-2 (जास्त दाब सोसणारं ग्रीस), मोलिब्डेनमचं असेल तर उत्तम. गाडी चालू असताना खाचा भरून लावतो तेवढं आता लागत नाही. प्लेटचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर धरा, त्यावर अर्धा मिलिमीटर थर म्हणजे पाव किलो पुरे. जॉ, लॉकबार आणि स्प्रिंगला हातानं वेगळं लावा. ब्रॅकेट आणि खालच्या सबफ्रेमवर गंज दिसला तर वायरब्रश मारून रेड ऑक्साइड द्या, पण जॉ आणि लॉकच्या घासणाऱ्या भागांवर रंग नको, लॉक अडखळतं.

बीड_वर्कशॉप
जळकं ऑइल विसरा. त्यात इंजिनमधली काजळी आणि आम्ल असतं, आणि ते इतकं पातळ असतं की दोन सरीत धुऊन जातं. वरून खालच्या टायरवर आणि एअरच्या नळ्यांवर ठिबकतं, रबर फुगतं. बारदान तर त्याहून वाईट. ताग पाणी पितो आणि चार दिवस ओल धरून बसतो, म्हणजे प्लेटवर ओला फडका टाकून ठेवल्यागत.

झाकायला 5 बाय 5 फुटांची ताडपत्री घ्या, प्लेट साधारण 3 फूट रुंद असते. शेततळ्याचं अस्तर उरलं असेल तर तेही चालतं, 500 मायक्रॉनचं ते उन्हाला टिकतं, फक्त घडी बसत नाही. ताडपत्री थेट प्लेटवर पसरू नका, खड्डा पडून पाणी साचतं. आधी प्लेटवर जुन्या टायरचा तुकडा उपडा ठेवा म्हणजे मधला भाग उंच राहील. कडा खाली सोडा आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी चॅसीच्या आडव्यांना बांधा.

खालून मात्र बंद करू नका. दिवसा तापून रात्री गार झालं की आतल्या हवेची वाफ प्लेटवरच दव होऊन बसते. कित्येकजण प्लास्टिक गुंडाळून टेप मारतात आणि दिवाळीला गंजाची लाल प्लेट काढतात.

ग्रीसगन_परळी
जॉबद्दल: मिटलेला ठेवा. बहुतेक मॉडेलमध्ये उघड्या जॉला लॉकची स्प्रिंग ताणलेली राहते, आणि मोकळ्या तोंडात पाणी-पालापाचोळा पण जातो. पिन नसताना जॉ मिटवायला लोखंडी सळईच वापरा, बोटं अजिबात नकोत. तो झटक्यात मिटतो आणि बोट तोडू शकतो. पंधरा दिवसांनी एकदा हँडल ओढून पुन्हा मिटवा, म्हणजे सांधे सुटे राहतात. तेव्हाच ताडपत्री उचलून खाली नजर टाका.

बीड_वर्कशॉप
एअरच्या लाल-पिवळ्या नळ्यांची टोकं आणि 7 पिनचं सॉकेटही सोडू नका. नळ्या पुलरवरच्या डमी कपलिंगला (टोकं नुसती अडकवून बंद ठेवायची जागा) लावा. डमी नसेल तर कापड कोंबू नका, प्लास्टिकची टोपी चढवा. उघडं तोंड दिसलं की कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि ती माती पुढं व्हॉल्व्हात जाते.

जालन्याचा_पुलर
झालं, समजलं. ट्रेलरच्या बाजूला काही करावं लागेल का? किंगपिन बराच जुना आहे.

ग्रीसगन_परळी
हो. किंगपिन पुसून, ग्रीस लावून त्यावर जाड प्लास्टिक बांधा, खालून मोकळं. बांधण्याआधी व्हर्निअरनं मापून घ्या. 2 इंची पिनचा जाड भाग नवा असताना 73 मिलिमीटर आणि बारीक गळा 50.8 असतो. जाड भाग 71 किंवा गळा 49 च्या खाली आला असेल तर पिन बदलायचीच. माप तीन-चार दिशांनी घ्या, झीज पुढच्या-मागच्या बाजूला जास्त असते.

काळ्या मातीत लँडिंग लेगखाली (सोडलेला ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते पुढचे पाय) फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घाला, दोन्ही पायांखाली सारखी. माती पाणी पिऊन फुगते, मग एक पाय रुततो आणि ट्रेलर कलतो. ऑक्टोबरात जोडताना ट्रेलरची प्लेट पुलरच्या प्लेटपेक्षा किंचित खाली असावी, फार तर 50 मिलिमीटर. वर राहिली तर पिन जॉच्या वरून निसटते आणि लॉक लागलंय असं नुसतं वाटतं. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून पुलर हलकेच पुढं ओढा, मग खाली उतरून बॅटरीच्या उजेडात दोन प्लेटमध्ये फट नाही, जॉ गळ्याभोवती बसलाय आणि सेफ्टी कॅच लागलाय हे बघा. लेग नंतर उचला.