बंकर, पिलबॉक्स, केसमेट: तीन मराठी शब्द हवे आहेत

अनुवादिका: डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लेख मराठीत आणतेय. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी 'अटलांटिक वॉल' या किनारी संरक्षणफळीसाठी तिथे काँक्रीटची कामं केली, काहींच्या भिंती दोन-दोन मीटर जाड. तेव्हा ती वाळूच्या टेकड्यांवर होती. समुद्राने टेकड्या खाल्ल्या, आता पुळणीवर कलंडून पडलीत. एकाच परिच्छेदात बंकर, पिलबॉक्स, केसमेट असे तिन्ही आलेत. मी सगळीकडे 'खंदक' लिहिलं, संपादकांनी परत पाठवलं.

शुद्धमती: बरोबरच केलं. खंदक म्हणजे खणलेला चर. चर कलंडेल कसा? 'मोर्चा' लिहा, आपला शब्द आहे. महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच नाही करवून घेतला.

गडवेडा: त्याच न्यायाने मोर्चाही बाद, फारसीतून आलाय. शिवाय 'किनाऱ्यावर मोर्चे' वाचलं की लोकांना मच्छीमारांचं आंदोलन वाटेल.

सातारकर: फौजेत मात्र मोर्चाच म्हणतात. आमचे काका सुट्टीवर आले की "आठ दिवस मोर्चात बसलो होतो" असं सांगायचे. आजी विचारायची, "मग मागण्या मान्य झाल्या का रे?" वर पक्कं छत असेल तर काका 'बंकर' म्हणत.

आगबोटवाला: आम्हा जहाजवाल्यांत बंकर म्हणजे इंधन! "सिंगापूरला बंकर घेतलं" असं बोलतो. पूर्वी बोटीवरच्या कोळशाच्या कोठीला बंकर म्हणत, जर्मनांनी तिथूनच उचलला. त्याआधी स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ पेटी, बाकडं.

खारा_वारा: मला तर हे सरळ 'बांध-घर' वाटतं. बांधघर, बंघर, बंकर.

गडवेडा: पेटीवरून बाकड्यावर आलो तेवढं पुरे. केसमेट म्हणजे तोफेची बंदिस्त खोली. नॉर्मंडीत लाँग-सूर-मेर इथे अशा चार आहेत, आत जर्मन तोफा अजून आहेत. त्याला 'तोफघर' म्हणा. पिलबॉक्स म्हणजे छोटी पक्की चौकी, तिच्या भिंतीत बंदुका रोखायला फटी असतात, म्हणजे आपल्या किल्ल्यांतल्या जंग्याच. 'जंगीघर' चालेल.

सातारकर: जंगीघर म्हणजे मोठं घर वाटतं हो! मूळ शब्द औषधाच्या डबीवरून आलाय ना? मग 'गोळ्यांची डबी' करा. कोटी फुकटात.

शुद्धमती: युद्धाच्या लेखात कोट्या नकोत. आणि 'जंग'सुद्धा फारसीच.

आगबोटवाला: मग शुद्ध मराठीत लढाईच करता येणार नाही.

खारा_वारा: आमच्या आईच्या शाळेच्या मैदानात 1971 ला चर खणले होते. सगळे त्याला खंदकच म्हणायचे. पावसाळ्यात त्यात बेडूक.

अनुवादिका: मुदत संपली. बंकर, पिलबॉक्स, तोफघर असं पाठवून दिलं. आता संपादक विचारतायत, अटलांटिक 'वॉल' का, 'तटबंदी' का नाही?

गडवेडा: तटबंदी झकास. तट म्हणजे किनारा, तट म्हणजे कोटाची भिंतही.

शुद्धमती: त्यातलं 'बंदी' कुठलं, ते बघितलंत का?