इसार द्यायच्या आधी घर तपासू देईनात. घ्यावं का?

उदगीरची_शिक्षिका
लातूरला औसा रोडच्या बाजूला एक रो-हाऊस बघितलंय. २०१६ चं बांधकाम, खाली दोन खोल्या, वर दोन. धाकटीची अकरावी लातूरलाच, त्यामुळं मे संपायच्या आत ताबा पाहिजे. पण आणखी दोन पार्ट्या मागं आहेत. एजंट म्हणायलाय, "रविवारी तिघांचे आकडे घेऊ, ज्याचा जास्त त्याचा इसार. इंजिनिअर आणून ठोकाठोकी करणार असाल तर मालक तुम्हाला धरायचे नाहीत." आमची तयारी ५२ लाखांची, त्यातले ३५ बँकेचे. ह्यांचं म्हणणं, बँकेचा माणूस बघणारच आहे, मग वेगळा खर्च कशाला. मला जिन्याखालची भिंत खटकतेय. सगळ्या घराला जुना रंग आणि तेवढीच ताजी रंगवलेली. काय करावं?

काळी_माती
ताई, मी लातुरात साईटवर सुपरवायझर आहे. बँकेचा माणूस कर्जापुरती किंमत काढतो. घरात काय दुखतंय ते शोधणं त्याचं काम नव्हे.

२०१६ हे साल वाचून मी थांबलो. त्या एप्रिलपासून आपल्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. प्यायला पाणी नव्हतं, तर स्लॅबवर कुठलं मारलं असेल? कडक उन्हात साध्या सिमेंटच्या काँक्रीटलासुद्धा निदान १० दिवस ओल टिकवावी लागते. काही जणांनी खारं बोअरचं पाणी वापरलं, त्यानं आतली सळई गंजते. सगळीच घरं तशी नसतील, पण ह्या घराचा स्लॅब कोणत्या महिन्यात पडला हे मालकांना विचाराच. मग छज्जे आणि बाथरूमखालचा स्लॅब हातोडीनं हलकेच वाजवून बघा. पोकळ वाजलं किंवा तांबूस डाग दिसले, तर आत सळई गंजून फुगत असू शकते.

दुसरं आपली जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दारं चौकटीत अडकतात. अशा भेगा मे महिन्यात चांगल्या उघड्या पडतात, म्हणजे बघायला हीच वेळ योग्य. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हलली तेव्हा दगड-मातीच्या जाडजूड भिंतीच माणसांवर पडल्या. भिंत नुसती बघून घर पक्कं म्हणणं मला तेव्हापासून जमत नाही. लेकीला ठेवणार आहात तिथं.

रस्ता सांगतो. इसार झाल्यावर खोट काढून भाव पाडतील, ही मालकाची भीती असते. म्हणून तपासणी रविवारच्या आधीच मागा. एजंटाला मधे न घेता मालकांना सांगा : "एक तास द्या, खर्च आमचा, तोडफोड नाही. नंतर जो आकडा देऊ त्यात घासाघीस करणार नाही." त्यालाही नाही म्हणाले तर सोडा ते घर.

नांदेड_ते_बॉस्टन
इकडं अमेरिकेत हेच चाललं होतं. बोली जिंकायची म्हणून लोक तपासणीचा हक्क लिहून सोडायचे. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १५ ऑक्टोबर २०२५ पासून नियम केला : तपासणी सोडली तरच घर देतो, अशी अट विकणाऱ्याला घालता येत नाही.

वकील_परभणी
मॅडम, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. मालकाला माहीत असलेला आणि साधारण काळजीनं तुम्हाला दिसला नसता असा मोठा दोष त्यानं सांगितलाच पाहिजे. पण ताजा रंग तुम्हाला आजच दिसलाय. उद्या कोर्टात "बघूनच घेतलं" म्हणतील. तेव्हा त्या रंगाखाली ओल आहे का, हे आत्ताच लेखी विचारा. इसारपावतीवर "जसं आहे तसं" एवढंच लिहू देऊ नका. कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीत खोट निघाली तर इसार परत, हे त्यात यायला हवं. रेरा म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, त्यातली बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते, ह्या घराला तिचा उपयोग नाही. मंजूर नकाशा मागा, वरचा मजला त्यात आहे का बघा.

उदगीरची_शिक्षिका
मालकांशी थेट बोलले. शनिवारी सकाळी या म्हणाले. एजंटाला आवडलं नाही. स्लॅबचा महिना त्यांना आठवेना, जुन्या पावत्या काढून ठेवतो म्हणाले.

काळी_माती
पोचल्या पोचल्या वरच्या बाथरूमचे नळ सोडून ठेवा, तोवर गच्ची बघून होईल, मग खालून गळतंय का बघा. आणि बोअर अर्धा तास सलग चालवा. मे महिन्यात धार टिकली तर वर्षभराची काळजी कमी.