मदत हवी आहे: आईच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत

नमस्कार मंडळी. माझी आई ७४ वर्षांची, सोलापुरात राहते. चाळीस वर्षं विड्या वळल्या, वर धुणीभांडी. बोटांची टोकं पार गुळगुळीत झालीत.

रेशनच्या ई-केवायसीसाठी तिला घेऊन गेले, तर मशीनवर अंगठा लागेना. मग एकेक करून दहाही बोटं झाली. ओल्या फडक्याने पुसून झाली, केसांवरून फिरवून झाली (हा सल्ला रांगेतल्या एका काकूंचा), दुकानदाराने स्वतः बोट धरून दाबलं. काही नाही. आई घरी येताना म्हणाली, "अगं, मग मी कोण आहे?" हसावं की रडावं कळेना.

आधारला बोटांबरोबर दोन्ही बुबुळं आणि चेहराही नोंदलेला असतो, म्हणून डोळ्याने करा म्हटलं. पण दुकानात बुबुळाचं यंत्रच नाही. ओटीपी म्हणाल तर आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलंय.

वर तिच्या पीएफ पेन्शनचा हयातीचा दाखलाही द्यायचाय. जीवन प्रमाण मोबाईलवर चेहऱ्यावरून होतं, हे माहीत आहे. पण तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि ॲप पापण्यांची उघडझाप करायला सांगतं तेव्हा ती घट्ट डोळे मिटूनच बसते!

कुणी आधार केंद्रावर ठसे नव्याने दिलेत का? इतक्या झिजलेल्या बोटांवर फरक पडला का? रेशनची केवायसी चेहऱ्यावरून कुणाची झाली असेल तर कशी केली, तेही सांगा. तिला रिक्षात चढवणं-उतरवणं अवघड आहे, एका फेरीत काम व्हावं एवढंच.