मदत हवी आहे: ग्रीक योगर्टचे तीन डबे उरलेत, अन् घरात आम्ही दोघंच

नमस्कार मंडळी. मी परभणीची. भाचा पुण्याहून आठ दिवस सुट्टीला आला होता. जिमला जातो. येताना थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ग्रीक योगर्टचे डबे घेऊन आला, जसं काही मावशीकडं दहीच लागत नाही. इथं आल्यावर ठेचा-भाकरी, रात्री दूधभात, प्रोटीन कुठल्या कुठं गेलं. जाताना डबे माझ्या फ्रिजमध्ये. ४०० ग्रॅमचे दोन साधे (एक फोडलेला) आणि एक छोटा ब्लूबेरीचा. तारीख संपायला सहा दिवस आहेत.

ह्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "दही आहे का भिंतीची पुट्टी?"

काल कढी केली. चार चमचे योगर्ट पाण्यात घुसळलं, चिमूटभर बेसन, आलं-मिरची, वरून फोडणी, गॅस मोठा. तेवढ्यात लाइट गेली, मी इन्व्हर्टर बघायला गेले. येऊन बघते तर वर पिवळं पाणी आणि खाली पनीरचा चुरा. टाकवेना म्हणून मिक्सरमधून काढली, तरी जिभेला रवा लागतच होता. तीस वर्षं कढी करते, अशी कधी फजिती झाली नव्हती.

तर कढीचं काय चुकलं? याचं विरजण लागतं का? फ्रीजरला टाकलं तर टिकेल का? आणि त्या ब्लूबेरीचं काय करू? ओव्हन नाही, केक सुचवू नका.

लातूरकर:
ताई, नावाला घाबरू नका. पाणी गाळून काढलेलं दही म्हणजे ग्रीक योगर्ट. आपण फडक्यात बांधून खुंटीला टांगतो, त्या चक्क्याचाच भाऊ, फक्त जरा सैल. पाणी गेलं की राहिलेलं सगळं घट्ट होतं. साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅम प्रोटीन असतं, यात ८-१० च्या आसपास. भाचा त्याच्यासाठीच खातो आणि तुमची कढी त्याच्यामुळंच फुटली. आंबट आणि गरम एकत्र आलं की हे प्रोटीन गोळा होतं. बेसन त्याला धरून ठेवतं, चिमटीनं भागत नाही. एक वाटी योगर्टला तीन वाट्या पाणी आणि दीड-दोन चमचे बेसन घ्या, सगळं गार असतानाच रवीनं घुसळा. मग मंद आचेवर ठेवा आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी हलवत राहा. लाइट गेली तर जाऊ द्या. मीठ शेवटी.

डब्यावर झिरो फॅट लिहिलंय का? तसलं तर आणखी लवकर फुटतं.

धागाकर्ती:
हो की, झिरो फॅटच आहे! आता कळलं. ह्यांना पातळ कढी लागते म्हणून बेसनात हात आखडता घेतला, तो नडला.

पुण्यातली परभणीकर:
स्मूदी करा ना, ओट्स, केळं, मध घालून. पाच मिनिटांत होते.

धागाकर्ती:
बाई, घरात ओट्स असते तर भाच्यानं तेही इथंच सोडले असते.

नांदेडची सून:
काकू, धपाटे! एवढा विचार कशाला? दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, पाव वाटी बेसन. लसूण, हिरवी मिरची आणि जिरं वाटून, हळद, ओवा, तीळ, कोथिंबीर मूठभर. यात चार-पाच चमचे योगर्ट घालून आधी पीठ नुसतं चोळून घ्या, पाणी मागून. साध्या दह्यानं पीठ आपोआप सैल होतं, याच्यानं होत नाही, म्हणून पाणी नेहमीपेक्षा जास्त लागेल. घट्ट ठेवलं तर थापताना कडेला चिरा पडतात. ओल्या फडक्यावर थापून, मधे बोटानं भोक पाडून फडक्यासकट तव्यावर पालथं घाला आणि फडकं हळूच सोडवा. भोकात तेल सोडायला विसरू नका. माझ्या सासूबाईंना आधी सांगितलं नव्हतं, खाऊन म्हणाल्या, आजचे मऊ झालेत, दही कुणाकडचं?

सोबतीला शेंगदाण्याची चटणी, आणि उरलेलं योगर्ट थोडं दूध घालून सैल करून, मीठ-साखर टाकून वाढा. काका पुट्टी म्हणणार नाहीत.

लातूरकर:
धपाट्याला आपलं अनुमोदन. विरजणाचं म्हणाल तर डब्यावर जिवंत जीवाणू असल्याचं लिहिलेलं असेल तरच नादी लागा. काही कंपन्या दही लागल्यावर पुन्हा तापवतात, त्यानं विरजण लागत नाही. आधी अर्धी वाटी कोमट दुधात लावून बघा, लिटरभर दूध डावावर लावू नका. आणि फोडलेल्या डब्यातलं नको, न फोडलेल्यातलं घ्या.

जालन्याची गृहिणी:
फ्रीजरला टाकता येतं, पण बाहेर काढल्यावर पाणी सुटून रवाळ होतं. कोशिंबिरीला किंवा नुसतं खायला मग नको. पीठ मळायला, चिकन मुरवायला चालतं. बर्फाच्या ट्रेत चमचा-चमचा घालून गोठवा, पाहिजे तेवढेच तुकडे काढता येतात. पण उन्हाळ्यात तुमच्याकडं लाइट दोन-दोन तास जात असेल तर एकदा विरघळलेलं परत गोठवू नका. डब्यात वर पाणी दिसलं तर ते आपलं दह्याचंच, ढवळून टाका. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र वरवर खरवडून खाऊ नका, अख्खा डबा फेका.

श्रीखंडाचा विचार असेल तर झिरो फॅटचं खडूसारखं लागतं. दोन तास फडक्यात बांधून ठेवा, मग पिठीसाखरेबरोबर दोन चमचे घरची साय फेटा. साखर चव घेत घेतच घाला.

धागाकर्ती (दोन दिवसांनी):
फोडलेला डबा संपला. पहिला धपाटा फडक्यालाच चिकटला, पाणी जास्त झालं होतं. मूठभर पीठ वाढवलं, मग बाकीचे सुटसुटीत निघाले. ह्यांनी चार खाल्ले आणि विचारलं, ती पुट्टी संपली का आहे अजून? पाटवड्यांच्या रश्श्यातही गॅस बंद करून दोन चमचे घालून पाहिलं. नाही आवडलं, तिखटाची मजा जाते. कुणी करू नका.

कढी आज परत केली, दोन चमचे बेसन घालून, पळी हातातून न सोडता. फुटली नाही. दुसऱ्या डब्याचं विरजण कोमट दुधात लावलंय, सकाळी कळेल.

ब्लूबेरीचा डबा अजून तसाच आहे. शेजारच्या पोराला विचारलं, त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, काकू, त्यापेक्षा पेप्सीकोला द्या ना. तेव्हा त्याचं काहीतरी सांगा.

नांदेडची सून:
त्यात अर्धा कप दूध घुसळून कुल्फीच्या साच्यात घाला आणि त्याच पोराला द्या. डबा दाखवू नका.