शेवंडाला ‘ताण’ येतो की ‘तणाव’?

अनुवादिका: एका लेखाच्या अनुवादात मी ‘संप्रेरकांवरून शेवंडांचा शारीरिक ताण मोजणे’ असे लिहिले होते. संपादकांनी ‘ताण’ खोडून ‘तणाव’ केले आणि समासात ‘ताण दोरीला येतो’ असा शेरा मारला. शेवंड (खेकड्यासारखा कवचधारी समुद्री प्राणी) पाण्याबाहेर काढले की त्याच्या नेत्रवृंतातील, म्हणजे डोळ्याच्या देठातील, ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते आणि त्यामुळे रक्तद्रवातील ग्लुकोज वाढते, असा तिथला संदर्भ आहे. आपण कोणता शब्द योजाल?

शब्दवेल्हाळ: शेरा संपादकांवरच उलटतो. जुन्या मराठीत ‘तणावा’ म्हणजे तंबूची दोरी, आणि तो शब्द फारसी ‘तनाब’वरून आलेला आहे. ‘ताण’ मात्र संस्कृत ‘तन्’ (ताणणे) धातूचा, म्हणजे घरचा.

जुना वाचक: घरचा-दारचा हा निकष मला पटत नाही, कारण मग ‘तंबू’ही सोडावा लागेल. वापर पाहा: तणाव दोन पक्षांमध्ये असतो, सीमेवर असतो. टोपलीत एकटे पडलेले शेवंड कोणाशी तणाव धरणार?

निवृत्त शिक्षक: हान्स सेल्ये यांनी जीवशास्त्रात रूढ केलेला ‘स्ट्रेस’ मुळात भौतिकशास्त्रातला आहे, आणि तिथे आम्ही त्याला ‘प्रतिबल’ म्हणतो. ‘ताण’ आम्ही पृष्ठताणासाठी राखला आहे. शिवाय ‘संप्रेरक’ कशाला? ‘हार्मोन’ सर्वांना कळते.

शब्दवेल्हाळ: शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये ‘हार्मोन’ शब्द वापरात आणला तो ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. ‘संप्रेरक’ इतका नेमका प्रतिशब्द असताना तो टाकणे हा निव्वळ आळस आहे.

प्रयोगशाळेतली: मी शेवंडांच्या रक्तद्रवाचे असे नमुने घेतले आहेत. पायाच्या बुडाशी असलेल्या मऊ पापुद्र्यात सुई घातली की जवळजवळ रंगहीन द्रव येतो आणि हवा लागताच, त्यातल्या तांबेयुक्त हिमोसायनिनमुळे, निळसर होत जातो. पण शेवंड हातात धरल्यानेच आकडे चढू लागतात, म्हणून सारी घाई असते. शिवाय हेच संप्रेरक खेकड्यांमध्ये कात टाकतानाही वाढलेले आढळते. म्हणजे आपण मोजतो तो ताण नव्हे, शरीराने दिलेला प्रतिसाद. तेव्हा ‘ताण-प्रतिसाद’ असे का लिहू नये?

जुना वाचक: म्हणजे ‘ताण’ राहिलाच.

अनुवादिका: तंबूची दोरी संपादकांना कळवली. त्यांनी ‘तणाव’ तसाच ठेवला असून आता ‘शेवंड’ खोडले आहे, कारण लेखातल्या चित्रातील प्राण्याला मोठ्या नांग्या आहेत आणि शेवंडाला त्या नसतात. यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.