कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी पुन्हा सरकली: परत डिस्केक्टॉमी (सरकलेला तुकडा काढणं) की फ्यूजन (स्क्रू घालून मणके जोडणं)?

प्रश्न
मायक्रोडिस्केक्टॉमीनंतर ८ महिने पाय बरा होता, आता त्याच बाजूला पुन्हा कळ. कंबरदुखी फारशी नाही. नुसता तुकडा काढून भागेल की स्क्रू घालावे लागतील? हे कशावरून ठरतं?

प्रतिसाद १
एमआरआय गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, चित्रात उजळणारं औषध) देऊन केलाय का? साध्या एमआरआयमध्ये जुना व्रण आणि नवा तुकडा सारखेच दिसू शकतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात म्हणून तो उजळतो. तुकडा मधे काळाच राहतो, फार तर कडा उजळते. हा फरक न बघता टेबलावर जाऊ नका. नुसत्या व्रणासाठी पुन्हा उघडलं तर कळ सहसा जात नाही आणि आणखी व्रण धरतो.

शिवाय पुढे वाकून आणि मागे झुकून एक्स-रे काढा. मणका ३-४ मिमीहून जास्त सरकत नसेल, दुखणं पायातच असेल आणि ही पहिलीच पुनरावृत्ती असेल, तर पुन्हा डिस्केक्टॉमीच.

प्रतिसाद २
सहमत. पण दुसरी डिस्केक्टॉमी पहिलीइतकी सोपी नसते. व्रण ड्युराला (नसांभोवतीच्या आवरणाला) चिकटलेला असतो, त्यामुळे ड्युरा फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून व्रणात थेट न शिरता लॅमिनाच्या (मणक्याच्या मागच्या कमानीच्या) हाडाची कडा आधी मोकळी करतात आणि तिथून नसेकडे जातात. वाट करताना फॅसेट सांधा (दोन मणक्यांना मागून जोडणारा) निम्म्याहून जास्त कापला गेला तर मणका डळमळतो आणि फ्यूजन करावंच लागतं. ही शक्यता संमतिपत्रात आधीच लिहून घ्यावी.

बाजूने, फोरामेनमधून (नस बाहेर पडते त्या भोकातून) एंडोस्कोप (कॅमेऱ्याची बारीक नळी) घातला तर जुना व्रण बराचसा टळतो. एल४-एल५ला हे जमतं. त्याखालच्या एल५-एस१ला कमरेचं हाड आड येतं.

प्रतिसाद ३
फ्यूजन कधी, तर मणका अस्थिर असताना, कंबरदुखीच मुख्य असताना किंवा तिसऱ्यांदा गादी सरकल्यावर. टीएलआयएफ या फ्यूजनच्या पद्धतीत ४ स्क्रू, २ रॉड, मधे गादीच्या जागी केज (छोटा पिंजरा) आणि हाडाचा चुरा. स्क्रू फक्त आधार देतात, खरं काम हाड जुळण्याचं, आणि त्याला ६ ते १२ महिने लागतात. तंबाखू-सिगारेट चालू असेल तर हाड जुळतच नाही असंही होतं. शेजारच्या गादीवर ताण वाढतो, तो कायमचा.

प्रश्नकर्ता
पायाचा अंगठा वर उचलायची ताकद थोडी कमी वाटते. सहा आठवडे औषधं आणि व्यायाम करून बघावं का?

प्रतिसाद १
ताकद स्थिर असेल तर सर्जनच्या देखरेखीखाली थांबता येतं. ती रोज घटत असेल किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर थांबू नका. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा.